माजघरांतून : शाखेची निवड

बारावीचा निकाल लागला कीं आमच्या वाड्यांत पेढे येतात आणि पेढ्यांच्या मागोमाग वाद येतो. ह्या वर्षीं तर निकाल दोघांचा होता. दादांचा नातू आणि धाकट्या भावाची नात एकाच वर्गांत शिकून, एकाच खोलींत अभ्यास करून उत्तीर्ण झालीं. मुलाला गणितांत ९० आणि मराठींत ६२ गुण मिळाले. मुलीला गणितांत ९३ आणि मराठींत ९४. दिवेलागणीनंतर ओटीवर मंडळी जमली, आणि कॉफीचे पेले रिकामे होण्यापूर्वींच दोघांचींही आयुष्यें ठरून गेलीं. मुलानें पुण्यास जाऊन यंत्रशास्त्र शिकावें. मुलीनें येथेंच नगरांत राहून बी.ए. करावें, मानसशास्त्र घ्यावें, पुढें बी.एड. करावें. "तिचें मराठी काय सुंदर आहे!" असें दादा म्हणाले, आणि तें खोटें नाहीं.

मी ह्या घरची आत्याआजी. ३४ वर्षें मुलींच्या शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेली. गुणपत्रकें वाचण्याची संवय अजून सुटत नाहीं, म्हणून त्या रात्रीं तीं दोन्ही गुणपत्रकें मीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं. गणितांत जी पुढें ती मराठीकडे जाते, आणि गणितांत जो मागें तो गणिताकडे जातो, हा हिशेब मला कांहीं केल्या जुळेना. मग लक्षांत आलें कीं घरानें दोघांची तुलना एकमेकांशीं केलीच नव्हती. मुलाचें गणित त्याच्या स्वतःच्या मराठीशीं ताडून पाहिलें, मुलीचेंही तसेंच. मुलाला एकच गोष्ट चांगली येते, तेव्हां त्याचा मार्ग आपोआप ठरला. मुलीला दोन येतात. आणि दोन्ही येणाऱ्याला जें अधिक येतें, तिकडे तो जातो. शिवाय तिकडे पाठविण्यास घरही अनुकूल!

हा केवळ आमच्याच ओटीवरचा प्रकार असता तर मीं तो ह्या पानावर आणला नसता. पॅरिसमधील ब्रेदा व नाप ह्या दोन संशोधकांनीं २०१९ सालीं नेमकी हीच गोष्ट दाखविली आहे. निरनिराळ्या ६४ देशांतील पंधरा वर्षांच्या सुमारें ३ लक्ष मुलामुलींच्या परीक्षेचे आंकडे त्यांनीं तपासले. गणितांत मुलांमुलींत अंतर थोडें. वाचनांत मात्र मुली पुष्कळ पुढें. गणितप्रधान शिक्षणाकडे वळण्याच्या इच्छेंत जो मोठा फरक दिसतो, त्याचा बराचसा भाग एवढ्यानेंच उलगडतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे मुलगी गणितांत कच्ची असते म्हणून गणित सोडते असें नव्हे, तर भाषेंत अधिक पक्की असते म्हणून सोडते. हें वाचल्यावर मला माझ्या कित्येक विद्यार्थिनी आठवल्या, आणि थोडी लाजही वाटली. कारण अशा मुलींच्या निबंधाच्या वह्या मीं स्वतःच शिक्षकांच्या खोलींत कौतुकानें फिरविल्या आहेत, त्यांच्या भूमितीच्या वह्या कधीं फिरविल्या नाहींत.

पण हा प्रश्न येथवर येण्यापूर्वीं दुसरा एक प्रश्न सुटावा लागला, तो तयारीचा. ज्याची पूर्वतयारीच झाली नाहीं त्याची आवड विचारणें म्हणजे पोहण्यास न शिकविलेल्याला 'नदी आवडते कां' असें विचारणें होय. आमच्या नगरास ह्या बाबतींत मान आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनची शिक्षिका १८३९ सालीं येथें आली, तिनें मुलींच्या शाळा चालविल्या आणि १८६२ सालीं ती येथेंच निवर्तली. जोतीराव फुल्यांनीं तिच्या शाळा पाहिल्या. सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे तिच्यापाशीं घेतले. तेव्हां प्रश्न 'मुलींनीं शिकावें कीं नाहीं' एवढाच होता. 'काय शिकावें' हा प्रश्न नंतरचा, आणि तो अधिक चिवट निघाला. पुण्यास १८८४ सालीं मुलींचें हायस्कूल निघालें, आणि तीन वर्षांतच त्याच्या शिक्षणक्रमावर 'केसरी'नें लेख लिहिले. मुलांचाच अभ्यास मुलींच्या माथीं कां मारतां, त्यांना संसारोपयोगी विषय कां शिकवीत नाहीं, असा त्या टीकेचा रोख होता.

ह्या वादाचें सर्वांत विलक्षण रूप मला महर्षि कर्व्यांच्या चरित्रांत दिसतें. अण्णासाहेब १८९१ ते १९१४ फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. जपानांतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हातीं आली, १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं आपली कल्पना मांडली, आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ उभें राहिलें. मातृभाषेचें माध्यम, गृहव्यवस्था, आरोग्यशास्त्र, बालमनाचा अभ्यास हीं त्याचीं अंगें. आणि गणित ऐच्छिक! ज्या माणसानें उभी हयात गणित शिकविलें त्यानेंच मुलींच्या वाटेवरून गणित बाजूला काढून ठेवलें. त्यांना दोष देण्याचा माझा अधिकार नाहीं. मुलींना कॉलेजांत आणणें हेंच ज्या काळीं डोंगर चढण्यासारखें होतें, त्या काळीं त्यांनीं चढ कमी केला. परंतु चढ कमी केला कीं वरची वाडीही नजरेआड होते. पुढें हें चक्र पूर्ण फिरलें तें असें कीं, अण्णासाहेबांनींच स्थापिलेल्या पुण्याच्या संस्थेनें १९९१ सालीं खास मुलींसाठीं इंजिनिअरिंग कॉलेज काढलें, आणि त्यांच्या विद्यापीठानेंही १९९७ सालीं मुंबईस आपली तंत्रशिक्षणसंस्था उघडली. मधें पाऊणशें वर्षें गेलीं.

त्या पाऊणशें वर्षांतच आमची ताई शिकली. ती माझ्याहून पांच वर्षांनीं मोठी. आमच्या वेळच्या अकरावीच्या एस.एस.सी.ला बीजगणित-भूमिती सोडून दुसरा विषय घेण्याची मुभा असे, आणि तालुक्याच्या ज्या शाळेंत ती शिकत होती तेथें मुलींच्या तुकडीला बीजगणित शिकविण्यास कोणी नव्हतेंच. म्हणून सगळ्या मुलींनीं शरीरविज्ञान-आरोग्यशास्त्र घेतलें. ताईला व्याजाचे हिशेब तोंडीं येत. वडील उसाच्या वजनाच्या पावत्या तिच्याकडून तपासून घेत. तिला विज्ञानशाखेंत जावयाचें होतें. कॉलेजच्या कचेरींतील कारकुनानें गुणपत्रक पाहिलें, बोटानें एक ओळ दाखविली आणि अर्ज परत केला. त्यांत कारकुनाचा कांहीं दोष नव्हता. नियमच तसा होता. ताईनें बी.ए. केलें, संसार चांगला केला. आज ती ८० वर्षांची आहे, आणि वर्तमानपत्रांतील अंककोडीं पेन्सिलीनें नव्हे, पेनानें सोडविते.

पुढें हें दार सरकारनें काढून टाकलें. बडोदें विद्यापीठाच्या कुलगुरु राहिलेल्या हंसाबेन मेहता ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें साठाच्या दशकांत स्पष्ट सांगितलें कीं मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत भेद नको. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें पहिलीं दहा वर्षें गणित व विज्ञान सर्वांना आवश्यक करण्याची शिफारस केली. आपल्या राज्यांत १९७५ सालीं दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि पळवाट बंद झाली. मीं शिक्षिका म्हणून पाऊल ठेवलें तें त्याच सुमारास. 'बाई, आम्हांला कशाला हो हें प्रमेय?' असें विचारणाऱ्या मुली पहिलीं कांहीं वर्षें होत्या. पुढें तो प्रश्न ऐकूं येईनासा झाला. सक्ती हा शब्द कितीही कडू असला, तरी त्या एका सक्तीनें मुलींसाठीं जेवढें केलें तेवढें शंभर व्याख्यानांनीं झालें नसतें, असें माझें अनुभवानें बनलेलें मत आहे.

तयारी सारखी झाली. मग निवड सारखी झाली कां? अखिल भारतीय उच्चशिक्षणाच्या २०२१-२२ च्या पाहणींत विज्ञानशाखेंत ५७.२ लक्ष विद्यार्थी होते, त्यांत २९.८ लक्ष मुली. म्हणजे मुलांहून अधिक. हा आंकडा दादांना वाचून दाखविला तेव्हां ते क्षणभर गप्प राहिले. परंतु त्याच पाहणींत इंजिनिअरिंगच्या पदवीवर्गांत शंभरांत तीसही मुली भरत नाहींत. आय.आय.टी.मध्यें तर २०१६ सालीं मुली शंभरांत अवघ्या ८ होत्या. म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठीं जादा जागा निर्माण कराव्या लागल्या. आपल्या राज्य सरकारनें २०२४ सालीं ८ लक्षांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या ठराविक प्रवर्गांतील मुलींचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क माफ केलें. पैशाची अडचण कांहीं घरांची तरी हलकी झाली. तरी इंजिनिअरिंगच्याच आंत पाहिलें तर संगणकाच्या वर्गांत मुली भरपूर, आणि यंत्रशास्त्राच्या वर्गांत बोटांवर मोजण्यासारख्या. संगणक म्हणजे छपराखालचें, बसून करण्याचें, हातांना तेल न लागणारें काम, असा आपल्या घरांनीं समज करून घेतला आहे. अमेरिकेंत हेंच संगणकशास्त्र पुरुषांचें समजलें जातें! तेथें १९८४ च्या सुमारास ह्या विषयाच्या पदवीधरांत शंभरांत ३७ स्त्रिया होत्या. पुढें त्या निम्म्यावर आल्या. एकच विषय एका देशांत बायकी आणि दुसऱ्यांत पुरुषी ठरतो, तर त्या विषयाच्या अंगांत स्वतःचें असें लिंग कितीसें असणार?

येथें मला प्रामाणिकपणें दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आवडींतला फरक निव्वळ घरांनीं रचलेला आहे, असें म्हणण्यास मी तयार नाहीं. पांच लक्षांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं सरासरीनें पुरुषांचा ओढा वस्तूंकडे आणि स्त्रियांचा माणसांकडे असतो, आणि हा फरक लहान नाहीं. माझ्या वर्गांतील सर्वांत तल्लख मुलगी गणितांत शंभरपैकीं शंभर मिळवून संस्कृतकडे गेली. मीं तिला अडविण्याचा प्रयत्न केला, आणि तिनें माझें न ऐकतां फार चांगलें केलें. भागवतांच्या घरचें उदाहरण तर सर्वांना ठाऊक असावें. दुर्गाबाई आणि कमलाबाई ह्या एका घरच्या बहिणी, वयांत फारसें अंतर नाहीं, घरांत विद्येचें वातावरण दोघींना सारखेंच. दुर्गाबाई लोकसाहित्य व समाजशास्त्राकडे गेल्या आणि १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. कमलाबाईंनीं मुंबई विद्यापीठांतून विज्ञानाची पदवी घेऊन १९३३ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागितला. सर सी. व्ही. रामन ह्यांनीं प्रथम तो मुलगी म्हणून नाकारला, आणि त्या हटून बसल्या तेव्हां एक वर्षाच्या परीक्षेवर दिला. १९३९ सालीं त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट होऊन बाहेर पडल्या. ज्या घरांत दोघींनाही 'तुला काय हवें' हें विचारलें जातें, त्या घरांतून दोन निरनिराळीं उत्तरें आलीं तर मला कांहींच म्हणावयाचें नाहीं.

माझा आक्षेप आहे तो न विचारतां मिळालेल्या उत्तराला. आणि 'वस्तु कीं माणसें' ही वांटणीही मला पुरती पटत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. खेड्यांतील स्त्रिया, त्यांतल्या पुष्कळशा अक्षरशत्रु, त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. वजनाचा कांटा, औषधांची मात्रा, बाळंतपणांतील धोक्याच्या खुणा ह्या बायका शिकल्या आणि त्यांच्या कामानें जामखेडचें नांव जगभर झालें. त्या वस्तूंकडे ओढल्या गेल्या कीं माणसांकडे? अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेंत गेल्या नाहींत. देशी वाणांचें बियाणें त्यांनीं घरच्या मडक्यांत राखून वाढविलें, आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादींत त्यांचें नांव आलें. राहुरीचें कृषि विद्यापीठ आमच्याच जिल्ह्यांत आहे. बियाण्याचें निम्मेंअधिक काम ज्यांच्या हातून होतें त्यांच्या मुलींना 'शेतकी हा मुलांचा विषय' असें सांगणारे लोकही त्याच जिल्ह्यांत आहेत.

मुलांच्या बाजूची गोष्ट थोडक्यांत सांगतें, कारण ती कोणी सांगत नाहीं. आमच्या आळींतील एका मुलाला इतिहासाचें वेड होतें. 'मुलगा असून बी.ए.?' ह्या एका वाक्यानें त्याची इंजिनिअरिंगमध्यें रवानगी झाली. सहा वर्षें झालीं, अजून दोन विषय राहिले आहेत. मुलीला कलाशाखेकडे जें सहज ढकलतें तेंच वाक्य मुलाला तिकडून सहज हाकलतें. आणि ह्यांत बिचाऱ्या कलाशाखेचा अपमान होतो तो वेगळाच.

आतां पुनः आमच्या ओटीकडे. दुसऱ्या दिवशीं मीं मुलीला एकटीला बोलावून विचारलें, "तुला स्वतःला काय आवडतें?" ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "आत्याआजी, मराठी आवडतें तें मला माहीत आहे, कारण मीं पुष्कळ वाचलें आहे. यंत्र आवडतें कीं नाहीं हें मला कसें कळणार? मीं कधीं उघडूनच पाहिलें नाहीं."

मी चरकलें. वाड्यांतला पाण्याचा पंप बिघडला कीं हांक नातवालाच जाते. फ्यूज गेला तर तोच. लहानपणीं त्यानें दादांचें घड्याळ उघडून बिघडविलें, तेव्हां दादांनीं तें सर्वांना हसत हसत दाखविलें होतें. मुलीला कोणी मनाई केली नव्हती. फक्त कोणी हांक मारली नव्हती. अमेरिकेंत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाला हीच गोष्ट संगणकाच्या बाबतींत आढळली. घरांतला संगणक मुलाच्या खोलींत असे, म्हणून मुलें पहिल्याच दिवशीं सरावलेलीं येत, आणि मुलींना वाटे कीं आपल्याला उपजत बुद्धि नाहीं. त्या विद्यापीठानें न सरावलेल्यांसाठीं प्रारंभाचा निराळा वर्ग काढला, प्रवेशाच्या वेळीं पूर्वानुभवावरचा भर कमी केला. १९९५ सालीं त्या शाखेंत नव्यानें येणाऱ्यांत शंभरांत ७ मुली होत्या, त्या २००० सालीं ४२ झाल्या. पांच वर्षांत मुलींचा मेंदू तर बदलला नसेल.

गेल्या रविवारीं पंपानें पुनः पाणी सोडलें. मीं दादांना म्हटलें, "आज पोरीला उघडूं द्या." दादांनीं माझ्याकडे पाहिलें आणि पान्हा तिच्या हातीं दिला. दोन तास गेले; वहिनी तीनदां येऊन तिच्या ओढणीला लागलेलें तेल पाहून गेल्या. पंप कांहीं सुरू झाला नाहीं. शेवटीं मिस्त्रीला बोलवावें लागलें. त्यानें दहा मिनिटांत खालची झडप साफ केली. मुलगी त्याला एकामागून एक प्रश्न विचारीत होती: आंतल्या चक्राचीं पातीं वांकडीं कां, आंत हवा राहिली कीं पाणी कां चढत नाहीं. मिस्त्री माणूस भला, त्यानें प्रत्येक प्रश्नाचें उत्तर दिलें. पण दर वेळीं उत्तर देतांना तो बघत होता नातवाकडे.

हें दादांच्याही ध्यानांत आलें. रात्रीं जेवतांना ते आपण होऊन म्हणाले, "पुण्याचें वसतिगृह बघून यावें लागेल." वहिनींनीं विचारलें, "मग मानसशास्त्र?" त्याला कोणी उत्तर दिलें नाहीं. मुलीनें स्वतः अजून निश्चय केलेला नाहीं, आणि तिनें घाईनें करावा असें मलाही वाटत नाहीं. तिनें प्रवेशाच्या पसंतीक्रमाची यादी दोनदां लिहिली आहे. एकींत यंत्रशास्त्र पहिलें आहे. दुसरी यादी केवळ बी.ए.ची, आणि तींत मराठी मुख्य विषय, मानसशास्त्र नव्हे. दोन्ही कागद देवघराच्या फडताळांत आहेत. यादी पक्की करण्याची मुदत येत्या गुरुवारीं संपते. तोंवर दादांनीं तिला जुनें घड्याळ काढून दिलें आहे. तें गेलीं बारा वर्षें बंद आहे, आणि कोणी बिघडविलें होतें तें वर आलेंच आहे.